पहिली देणगी आल्यावर

समजा, पुण्याहून काशीयात्रेला आलेलं एक कुटुंब आहे. दशाश्वमेध घाटावरची आरती पाहून परतताना एका गल्लीत त्यांना मुलांची रात्रशाळा दिसते. दाराशी क्यूआर कोड लावलेला असतो. मोबाइल काढून ५०१ रुपये पाठवले जातात, मुलांशी दोन शब्द होतात, आणि मंडळी सामान आवरायला धर्मशाळेकडे निघतात. रात्रशाळेच्या आयुष्यात एक नवा देणगीदार आलेला असतो.

इथून पुढे दोन प्रश्न निघतात. पुण्याच्या घरात कुणीतरी विचारतं, "त्या पैशांचं पुढे काय झालं असेल?" आणि रात्रशाळेच्या वार्षिक बैठकीत एखादा विश्वस्त विचारतो, "एकदा देणारे पुष्कळ असतात. ते पुन्हा का देत नाहीत?" बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नातच असतं. ज्याला पहिल्या पैशांचं काय झालं ते कळलं नाही, तो दुसऱ्यांदा कशाला देईल? पहिल्यांदा देणाऱ्याचं स्वागत नेमकं कसं करायचं, ते या प्रकरणात पाहू. त्यासाठी आधी काशीतच सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

१. चार आण्यांचं दूध

१९०० सालच्या जून महिन्यातली गोष्ट. यामिनीरंजन मजुमदार या बंगाली तरुणाला काशीत रस्त्याकडेला एक म्हातारी पडलेली दिसली. ती आजारी होती, उपाशी होती. मरण यावं म्हणून काशीला येणारी आणि मरण येईपर्यंत हाल काढणारी अशी माणसं तिथे तेव्हा खूप होती. यामिनीरंजनच्या खिशात पैसा नव्हता. त्याने वाटेवरच्या एका माणसापुढे हात पसरून चार आणे मागितले, दूध आणलं आणि त्या म्हातारीला पाजलं.

चारुचंद्र दास आणि आणखी काही मित्र या कामात आले. त्यांनी भाड्याच्या जागेत एक छोटी संस्था उभी केली आणि तिला 'पुअर मेन्स रिलीफ असोसिएशन' असं इंग्रजी नाव दिलं. १९०२ च्या सुरुवातीला स्वामी विवेकानंद काशीत आले. त्यांना हे नाव खटकलं. दुसऱ्याचं दुःख निवारणारे आपण कोण, आपल्या हाती फक्त सेवा आहे, अशी त्यांची भूमिका होती. संस्थेचं नाव 'होम ऑफ सर्व्हिस' झालं आणि त्याच वर्षी ती रामकृष्ण मिशनमध्ये आली. आज वाराणसीच्या लक्सा भागात रामकृष्ण मिशन सेवाश्रमाचं रुग्णालय आहे, ते याच कामातून वाढलं.

चार आणे देणारा तो वाटसरू या संस्थेचा पहिला देणगीदार. त्याच्या हातातला पैसा आणि म्हातारीच्या ओठाला लागलेलं दूध यांत जेमतेम काही पावलांचं अंतर होतं. संस्था वाढते तसं हे अंतर वाढत जातं. मध्ये बँक येते, कार्यालय येतं, खरेदी येते, महिने जातात. देणारा पुण्यात असतो आणि दूध काशीत. हे वाढलेलं अंतर भरून काढणं, एवढंच पहिल्यांदा देणाऱ्याच्या स्वागतात करायचं असतं. पावती, पत्र, भेट, अहवाल ही सगळी त्याची साधनं आहेत.

त्या तरुणांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना हे लवकर उमगलं होतं. काम सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हाच, फेब्रुवारी १९०२ मध्ये, संस्थेचा पहिला अहवाल तयार झाला होता. विवेकानंदांनी मदतीचं आवाहन करणारं पत्र लिहिलं, ते या अहवालासोबत जोडण्यासाठी.

२. संकल्प आणि पावती

काशीत दान देताना गुरुजी आधी संकल्प सोडायला सांगतात. त्यात देणाऱ्याचं नाव येतं, गोत्र येतं. कुठल्या क्षेत्रात, कुठल्या तिथीला, कशासाठी आणि काय देतो, तेही उच्चारलं जातं. आजच्या पावतीवर नेमक्या याच गोष्टी असतात. नाव, तारीख, रक्कम, कारण आणि घेणाऱ्याची सही. पावती हा रुक्ष कागद वाटतो, पण 'तुमचं देणं पोचलं' असं संस्थेने दिलेलं ते पहिलं वचन आहे.

इथे एक शंका हमखास येते. "गुप्तदान श्रेष्ठ असं आपल्याकडे म्हणतात. मग नाव-पत्ता कशाला हवा?" जगापासून नाव लपवणं आणि संस्थेपासून लपवणं यांत फरक आहे. आपलं नाव फलकावर किंवा अहवालात येऊ नये, असं देणगीदार सांगू शकतो, आणि चांगली संस्था ते आपणहून विचारते. पण देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवून ठेवावा, अशी आयकर कायद्याची धर्मादाय संस्थांकडून अपेक्षा असते. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर संस्थेवर कर बसतो.

करसवलतीचंही तसंच. ज्या सवलतीला लोक 'ऐंशी-जी' म्हणून ओळखतात, ती मिळायला संस्थेकडे त्यासाठीची मान्यता असावी लागते. २,००० रुपयांहून मोठी रोख देणगी या सवलतीत धरली जात नाही. ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे, त्याला ही सवलत मिळत नाही. आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नुसती पावती पुरेशी राहिलेली नाही. संस्थेने वर्षभराच्या देणगीदारांचा तपशील आयकर खात्याकडे भरायचा आणि त्यातून निघणारं प्रमाणपत्र प्रत्येकाला पाठवायचं, असा नियम आला. त्यासाठी देणगीदाराचा पॅनसारखा ओळखक्रमांक लागतो. क्यूआर कोडवर आलेल्या ५०१ रुपयांसोबत तो येत नाही. म्हणून त्या रात्रशाळेच्या दाराशी कोडशेजारी एक वही आणि पेन ठेवलेलं असेल, तर स्वागताचं पहिलं पाऊल पडलं म्हणायचं.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही. नागरिकत्व बदलून ओसीआय कार्ड घेतलेलं असेल, तर तीच देणगी परकीय ठरते. मग ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए या परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याखालची परवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. ज्या संस्थेकडे ही परवानगी नाही, तिने पैसे घेण्याआधीच तसं नम्रपणे सांगावं. नाही म्हणण्यातला हा प्रामाणिकपणाही स्वागताचाच भाग आहे.

३. गळका रांजण

आता थोडं गणित. अमेरिकेत 'फंडरेझिंग इफेक्टिव्हनेस प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम हजारो संस्थांच्या देणगीनोंदी तपासतो. तिथलं चित्र वर्षानुवर्षं जवळपास सारखं आहे. पहिल्यांदा देणाऱ्या पाच जणांतला साधारण एक जण पुढच्या वर्षी पुन्हा देतो. मात्र जो एकदा पुन्हा आला, तो पुढेही येत राहण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणजे रांजणाचं सर्वांत मोठं भोक पहिल्या आणि दुसऱ्या देणगीच्या मधे आहे.

एक सोपं उदाहरण घेऊ. एका संस्थेकडे यंदा १०० नवे देणगीदार आले आणि प्रत्येकाने १,००० रुपये दिले. त्यांतले २० पुढच्या वर्षी पुन्हा आले. त्यापुढे दर वर्षी शंभरातले साठ टिकतात असं धरलं, तर तिसऱ्या वर्षी १२ आणि चौथ्या वर्षी ७ जण उरतील. चार वर्षांत या गटाकडून १३९ देणग्या येतील, म्हणजे १ लाख ३९ हजार रुपये.

आता फक्त एक आकडा बदलू. दुसऱ्या वर्षी २० ऐवजी ४० जण आले. मग तिसऱ्या वर्षी २४ आणि चौथ्या वर्षी १४ राहतील. एकूण १७८ देणग्या, म्हणजे १ लाख ७८ हजार रुपये. एकही नवा माणूस न शोधता ३९ हजार रुपये वाढले. नवा माणूस शोधायला पत्रकं छापावी लागतात, कार्यक्रम करावे लागतात, दारोदार फिरावं लागतं. आलेल्या माणसाला धरून ठेवायला एक वही, थोडा वेळ आणि बरीचशी आस्था लागते.

४. भांडं रिकामं परत करू नये

शेजारणीने वाटीभर खीर पाठवली, तर ती वाटी रिकामी परत जात नाही. घरात काही नसेल, तर चिमूटभर साखर तरी घालायची, असं प्रत्येक मराठी घरात शिकवलेलं असतं. आभारपत्र म्हणजे वाटीतली ही साखर.

साखर म्हटलं ते मुद्दाम. खिरीच्या वाटीत कुणी चांदीचा चमचा घालून पाठवत नाही. तसं केलं तर शेजारीण संकोचते. देणगीदारांच्या बाबतीत हे तपासूनही झालं आहे. येल विद्यापीठातल्या जॉर्ज न्यूमन आणि जेरेमी शेन यांनी २०१२ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. देणगीच्या बदल्यात पेन किंवा पिशवी अशी भेट देऊ केली, तर लोक जास्त देतील असा सर्वांचा अंदाज होता. प्रत्यक्षात भेटवस्तू देऊ केल्यावर सरासरी देणगी कमी झाली. मनापासून द्यायला आलेल्या माणसाला आपण काही विकत घेतोय असं वाटू लागलं, तर त्याचा हात आखडतो.

मग नुसता आभाराचा फोन केला तर? संस्थांमध्ये काम करणाऱ्या जाणकारांना वाटायचं, की त्याने पुढच्या देणग्या नक्की वाढतात. आन्या सामेक आणि चक लाँगफील्ड यांनी अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांच्या आणि एका राष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने हे पडताळून पाहिलं. पाच लाखांहून जास्त देणगीदारांचा हा प्रयोग सहा वर्षं चालला आणि त्याचा निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आभाराचा फोन गेला आणि ज्यांना गेला नाही, त्यांच्या पुढच्या देणग्यांत काहीही फरक पडला नाही.

हे वाचून एखादा विश्वस्त म्हणेल, मग आभार मानायचेच कशाला? साखर घालताना शेजारीण पुन्हा खीर पाठवेल असा हिशेब कुणी करत नाही. आभार हे देणं आहे, ते फेडायचंच. पण त्या फोनमधून देणगीदाराला नवं काय कळलं? बहुतेकदा 'धन्यवाद' हा एकच शब्द. त्याच्या मनातला खरा प्रश्न, "माझ्या पैशांचं काय झालं?", तसाच राहिला. अंतर तेवढंच राहिलं.

५. पहिल्या पत्रात काय लिहावं

म्हणून पहिल्या पत्रात आभाराच्या ओळीनंतर दूध दिसलं पाहिजे.

अमेरिकेतल्या डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक यांचा २००७ सालचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यांनी सहभागी झालेल्यांना पाच डॉलर दिले आणि त्यांतले हवे तेवढे उपासमारीच्या निवारणासाठी देण्याची मुभा ठेवली. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी दाखवली. त्यांनी सरासरी १ डॉलर १४ सेंट दिले. काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या एका मुलीविषयी सांगितलं. त्यांनी सरासरी २ डॉलर ३८ सेंट दिले. रोकियाच्या गोष्टीला आकडेवारीची जोड दिली, तेव्हा देणगी पुन्हा खाली आली. लाखोंचा आकडा मनात मावत नाही. एक मूल मावतं.

पण याचा उपयोग जपून करायला हवा. मुलाचं रडकं छायाचित्र छापून कणव उकळणं सोपं असतं. विवेकानंदांनी 'रिलीफ' शब्द काढून 'सर्व्हिस' आणला, तो धडा इथे लागू पडतो. ज्याच्यासाठी काम चाललं आहे, त्याचा मान पत्रातही राखला गेला पाहिजे. मुलांची खरी नावं आणि ओळख पटेल असे तपशील पत्रात नसावेत. त्यांनी काय केलं ते असावं.

आपल्या त्या रात्रशाळेचं पत्र असं असू शकेल:

"सप्रेम नमस्कार. आपण दिलेले ५०१ रुपये मिळाले. पावती सोबत जोडली आहे. त्या आठवड्यात तिसरीच्या मुलांसाठी पाढ्यांची पुस्तकं घ्यायची होती, त्यात ही रक्कम वापरली. आपण आलात तेव्हा दाराजवळ बसलेल्या मुलीला सातापर्यंत पाढे येत होते. ती आता बाराच्या पाढ्यावर आहे. पुन्हा काशीला येणं झालं, तर संध्याकाळी सहानंतर अवश्य या. आपल्याला पत्र नको असेल किंवा अहवालात नाव छापायचं नसेल, तर जरूर कळवा."

या पत्रात कुठेही पैसे मागितलेले नाहीत. पहिल्याच पत्रात पुढच्या देणगीचा अर्ज जोडला, तर आभार नुसते निमित्त ठरतात. पत्र पोचायला महिना लागू नये. देणाऱ्याच्या मनात ती संध्याकाळ ताजी आहे तोवर ते पोचावं. आणि त्यात देणाऱ्याचं नाव बिनचूक असावं. कुलकर्णींचं पत्र देशपांड्यांच्या नावाने गेलं, तर पुढचा सगळा मजकूर वाया जातो.

६. या, बघा

अंतर मिटवण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे माणसाला आत बोलावून काम दाखवणं. याचं एक सुंदर उदाहरण पुणे आणि काशी यांना जोडतं.

काशीचे शिवप्रसाद गुप्त हे श्रीमंत घराण्यातले, देशकार्याला सढळ हाताने मदत करणारे गृहस्थ. १९१३ मध्ये कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाहून परतताना ते पुण्याकडे आले आणि धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम त्यांनी पाहिला. तिथे जमिनीवर मातीचा, डोंगर-नद्यांचे उंच-सखल भाग दाखवणारा भारताचा नकाशा केलेला होता. तो त्यांच्या मनात बसला. काशीत त्यांनी संगमरवरात तसा भव्य नकाशा घडवून घेतला आणि त्यासाठी मंदिर बांधलं. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये महात्मा गांधींच्या हस्ते उघडलेलं हे भारतमाता मंदिर आजही पाहता येतं. १९२१ मध्ये सुरू झालेल्या काशी विद्यापीठामागेही गुप्तांचाच पैसा आणि पुढाकार होता.

कर्व्यांच्या आश्रमात त्या दिवशी पाहुण्यासाठी काही खास मांडलेलं होतं असं नाही. रोजच्या शिकण्याचं साधनच त्याने पाहिलं. नव्या देणगीदाराला बोलावताना छोट्या संस्थांना वाटतं, आपली जागा साधी, खुर्च्या मोडक्या, दाखवायचं काय? दाखवायचं ते काम. रात्रशाळेत पाढे चालू असताना पाहुण्याने अर्धा तास मागच्या सतरंजीवर बसणं हे सत्कार, शाल आणि श्रीफळापेक्षा त्याच्या जास्त लक्षात राहतं.

७. वर्षभराची वही

काशीच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं, की पणजोबा कधी आले होते ते वहीत सापडतं. स्वतःच्या घराण्याची नोंद पाहून माणूस हरखतो, कारण एक अनोळखी गाव त्याला ओळखत असतं. संस्थेची देणगीदारवही अशीच असावी.

तिच्यात नाव आणि रकमेबरोबर आणखी तीन गोष्टी लिहाव्या. माणूस आपल्याकडे कसा आला, त्याने कशात रस दाखवला, आणि त्याला काय सांगायचं आपण कबूल केलं. मग वर्षाचं वेळापत्रक आपोआप ठरतं. पहिल्या महिन्याच्या आत पावती आणि पत्र. तीन-चार महिन्यांनी कामाची एक छोटी खबर, तीही काही न मागता. आर्थिक वर्ष संपल्यावर कराचं प्रमाणपत्र आणि जमाखर्चाचं एक पान. त्या पानावर काय फसलं तेही असावं. दहा मुलं शाळा सोडून गेली असतील, तर ते लिहिणाऱ्या संस्थेवर वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो. आणि हे सगळं झाल्यावर, साधारण वर्षाने, दुसऱ्या देणगीची स्पष्ट आणि संकोच न करता केलेली विनंती. अशी विनंती न करणंही चूकच. आनंदाने पुन्हा देऊ शकणारा कितीतरी वेळा केवळ कुणी विचारलं नाही म्हणून थांबलेला असतो.

८. दहा रुपयांची नोट

शेवटचा प्रश्न नेहमी कुजबुजत विचारला जातो. पाचशे रुपये देणाऱ्यासाठी एवढं करायचं का?

बनारस हिंदू विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत १९४१ मध्ये उभी राहिली, ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या मोठ्या देणगीतून. ग्रंथालयाला नावही त्यांचंच आहे. पण या ग्रंथालयाचा इतिहास तिथे सांगतात तो १९१७ पासून. प्रा. पी. के. तेलंग यांनी आपले वडील, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ पुस्तकांचा संग्रह दिला. कमच्छा इथल्या सेंट्रल हिंदू कॉलेजच्या तेलंग हॉलमध्ये तो ठेवला गेला आणि तिथून ग्रंथालय वाढलं. महाराजांच्या इमारतीआधी एका मराठी प्राध्यापकाची पुस्तकं आली होती, हे विद्यापीठाने विसरू दिलेलं नाही.

सेवाश्रमाने तर एक नोटच जपली. नोव्हेंबर १९१२ मध्ये रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी काशीत होत्या. त्यांनी सेवाश्रमात येऊन रुग्णांच्या खोल्या, बाग, इमारती हिंडून पाहिल्या आणि देणगी म्हणून दहा रुपयांची नोट दिली. संस्थेने ती खर्च केली नाही. ती आजही तिथे जपून ठेवलेली आहे.

आणि चार आणे देणाऱ्या त्या वाटसरूचं नाव? ते कुणी विचारलं नाही. म्हातारी समोर पडलेली असताना विचारायला वेळही नव्हता. पण सेवाश्रमाची हकिगत सांगताना जमिनी, इमारती आणि मोठे दाते येण्याच्या कितीतरी आधी त्याची पावली येते, आणि तिचं काय झालं तेही लगेच सांगितलं जातं. दूध आणलं. तिला पाजलं.